ऐंशीच्या वर

आई काचेवर एक थेंब ठेवते,
नळी उन्हाकडे धरून एक डोळा मिटते.
आत वर निळं, खाली पांढरं, मधे रेघ.
ब्याऐंशी, म्हणते,
आणि काच बाहीला पुसते.

ऐंशीच्या खाली पाणी उतरलं
की कालव्यातले मासे आत शिरतात
आणि दोन रात्रींत तळं रिकामं.
ऐंशीच्या वर कुणी फिरकत नाही.
आमच्या कोळंबीला तेवढीच काय ती तटबंदी.
कोळंबी तरी कसली, नखाएवढा जीव,
कवच नाही, नांगी नाही,
उताणी पोहते, अकरा जोड्या पाय आभाळाकडे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ही मीठ पिते
आणि पायांतल्या कल्ल्यांनी बाहेर टाकत राहते,
दिवसा, रात्री, अंडी पोटात असतानाही.
पाणी शंभरावर गेलं की त्यात हवा उरत नाही,
मग ती लाल होते.
शेजारचा थाच सुओल म्हणायचा, लाजली.
आई म्हणायची, दमली.

मूळची ती इथली नाही.
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड खाडीतून
डब्यात बसून आली, आई परकरातली पोर असताना.
विन्ह चाऊचा एप्रिल, दुपारचं पाणी सदतीस.
पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक मेल्या.
ज्या उरल्या त्यांची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं.
आज त्यांना कुणी परकी म्हणत नाही.
आम्हाला अजून अधूनमधून म्हणतात,
ख्मेर बोलताना ऐकलं की.

दिवस बरे असले तर ती जिवंत पिल्लं घालते.
मीठ चढलं, दिवस फिरले
की अंडी घालते, तपकिरी, टणक, धुळीसारखी.
वारा ती बांधाच्या कोपऱ्यात लोटतो.
पहाटे कमरेइतक्या पाण्यात वाकून
आई बारीक जाळीने ती गोळा करते.
टाचांच्या भेगांत मीठ.
क्वाच दलाल बोटांत चिमूट चोळतो,
ओली आहेत, म्हणतो. दर वर्षी म्हणतो.

मी कान थोला, गोठणघरात.
मोठी कोळंबी सोलते. चार अंशांवर, आठ तास,
दोन हातमोजे, एकावर एक.
पहिल्या महिन्यात बोटं रात्री जागी व्हायची
आणि मी झोपलेली असायचे.
आता होत नाहीत.
शरीर काय काय शिकतं, आपल्याला न विचारता.

निघताना आईने औषधाच्या डबीत अंडी दिली होती.
पैसे नव्हते तिच्याकडे.
सुकी ठेव, म्हणाली, वर्षानुवर्षं राहतात.
तीन वर्षं ती उशाशी होती.

परवा पगार कापला. का ते सांगितलं नाही.
खोलीवर आले, डबा धुतला, पाणी घेतलं
आणि आईला फोन लावला: मीठ किती?
चाखून बघ, म्हणाली. समुद्राएवढं.
काच येण्याआधी आम्ही जिभेनेच मोजायचो.
मी चाखलं. समुद्र आठवेना.
माझा आवाज बदलला असावा.
डोळ्यांतलं चालायचं नाही हं, म्हणाली,
ते फारच अळणी.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीहून आले
तर डब्यात नारिंगी ठिपके,
सगळे दिव्याच्या बाजूला जमलेले,
झटके देत पोहणारे.
खोलीतल्या हुएनने विचारलं, हे खातात का?
मासे खातात, म्हटलं.
आणि हे काय खातात?
ते मी आईला विचारलंच नव्हतं.

पंख्याने पाणी आटतंय.
मी रोज रेघेपर्यंत भर घालते, गोड्या पाण्याची,
मीठ नाही. मीठ कुठे जात नाही.
आज पाच उरलेत. एक जरा लाल.